दर जुलैत बांधाच्या पायथ्याशी पाणी येतं? ते बंद करायच्या आधी हे वाचा

जुलैचा पहिला मोठा पाऊस झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी राखणदारांचा फोन ठरलेला. "ताई, पाणी आलं." कुठे आलं हे विचारावं लागत नाही. बांधाच्या मागच्या अंगाला, म्हणजे तळ्याच्या उलट्या बाजूला, जुन्या नाल्याच्या तोंडाशी, गवत आधी गर्द हिरवं होतं, मग पाय टाकला की चिखल होतो आणि मग बोटाएवढी धार सुरू होते. आमच्या घरात हे बरीच वर्षं चाललं आणि आम्ही दर वर्षी तीच चूक केली. ज्यांच्याकडे वाडवडिलांच्या वेळचा मातीचा बांध आहे आणि दर पावसाळ्यात हाच त्रास आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ठाणे जिल्ह्यात घोडबंदर रस्त्याच्या वरच्या अंगाला, मुरबाड-शहापूरकडे, बेलापूर पट्ट्यातल्या डोंगराच्या कुशीत असे छोटे खाजगी बांध अजून आहेत. बहुतेकांचे मालक आता शहरात राहतात आणि बांधाखाली मात्र वस्ती वाढली आहे.

आमचा बांध म्हणजे भातसा किंवा बारवीसारखं मोठं धरण नव्हे. पणजोबांनी भातशेतीसाठी आणि गुरांच्या पाण्यासाठी मजूर लावून घातलेला. सर्वांत खोल जागी उंची सहा मीटर, लांबी नव्वद मीटर, भरल्यावर तळं साधारण तीन एकरांचं. सरासरी दोन मीटर खोली धरली तर चोवीस हजार घनमीटर पाणी होतं. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही म्हणून मी टँकरमध्ये मोजते: दहा हजार लिटरचे चोवीसशे टँकर. बांध फुटला तर हे सगळे अर्ध्या-पाऊण तासात खालच्या पाड्यावर आणि त्याखालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जातील. पणजोबांच्या वेळी खाली फक्त खाचरं होती. बांध तेवढाच राहिला, त्याच्याखालचा धोका मात्र वाढला.

आम्ही काय करत होतो

ओल दिसली की काका गाडीभर काळी माती आणून तिथे चोपायचे. एका वर्षी सिमेंटची पोती रचली. एका वर्षी गवंडी बोलावून चक्क प्लॅस्टर करून घेतलं. दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि मग दोन हात बाजूला, थोडं वर, नवी ओल. काका म्हणायचे, "पाणी हट्टी आहे." पाणी हट्टी वगैरे काही नसतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच, धरणंही झिरपतात. बाहेर पडायची वाट बंद केली की ते आत साठतं, मागचा उतार आतून भिजतो, जड होतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जास्त वरून, बाहेर येतं. आम्ही बांधाला दर वर्षी थोडं थोडं कमकुवत करत होतो, आणि तेही पैसे खर्चून.

खरा धोका पाण्याबरोबर माती येण्यात आहे. झिरपणारं पाणी मातीचे कण उचलून नेऊ लागलं की आत बारीक पोकळी होते. पोकळीतून पाणी जास्त जोरात जातं, जास्त माती नेतं, आणि पोकळी मागे मागे, तळ्याच्या दिशेने वाढत जाते. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. अमेरिकेत आयडाहोमध्ये टेटन नावाचं मातीचं धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं. सकाळी सातच्या सुमाराला गढूळ गळती दिसली आणि दुपारी बारा वाजायच्या आत धरण फुटलं. ते नव्वद मीटरहून उंच, नुकतंच बांधलेलं धरण होतं. आपल्या सहा मीटरच्या बांधाला किती वेळ लागेल, याचा विचार रात्री दोन वाजता करायची वेळ येऊ नये.

पहिली तपासणी: बाटली

पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. धारेखाली धरून भरा, झाकण लावा, सपाट जागी तासभर ठेवा. तळाशी गाळाचा थर बसतो का बघा. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा आणि ती फेकू नका. आमच्या खोपटाच्या खिडकीत अशा एकवीस बाटल्या ओळीने उभ्या आहेत. पहिल्या सात-आठ बाटल्यांच्या तळाशी करंगळीच्या पेराएवढा लालसर थर आहे. त्या उन्हात धरल्या की मला अजून पोटात गोळा येतो, कारण तो थर म्हणजे बांधाच्या पोटातली माती आहे.

पाऊस पडत असताना मागच्या उतारावरून वाहून आलेली माती धारेत मिसळते आणि उगाच घाबरायला होतं. म्हणून नमुना पाऊस थांबल्यावर, धारेच्या अगदी तोंडाशी घ्यायचा.

दुसरी तपासणी: बादली आणि पट्टी

पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. धार एका पाइपच्या तुकड्यातून किंवा पन्हळीतून बादलीत पडेल असं करा आणि भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. तीस सेकंद लागले तर मिनिटाला तीस लिटर. धार मोठी असेल तर लोखंडी पत्र्यात नव्वद अंशांची व्ही-आकाराची खाच कापून चरीत बसवतात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, आणि दहा सेंटिमीटर असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींनी वाढतं, हे लक्षात असू द्या.

याच्या जोडीला तळ्यात एक पट्टी हवी. आम्ही लोखंडी पाइपावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचे पट्टे मारून तो पाण्यात उभा केला. मग रोज तीन आकडे: पाऊस, तळ्याची पातळी, बादलीचे सेकंद. राखणदार दादांची मुलगी दहावीत आहे, ती हे वहीत लिहिते. तिच्या वहीने जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

वही वाचताना लक्षात आलं की आमच्याकडे एक गळती नाही, दोन आहेत. नाल्याच्या तोंडाशी असलेली धार तळं अर्धं भरल्यापासूनच वाहते आणि पातळीबरोबर हळूहळू वाढते. दुसरी, उजवीकडची, पट्टीवर ४.२ मीटर होईपर्यंत पूर्ण कोरडी असते. त्याच्यावर दोन बोटं पाणी चढलं की सुरू, उतरलं की बंद. म्हणजे त्या उंचीला आत कुठेतरी भोक आहे. तिथे पुढच्या, म्हणजे तळ्याकडच्या, बाजूला जाऊन पाहिलं तर एक आंब्याचं खोड सापडलं. आंबा बारा-तेरा वर्षांपूर्वी वादळात पडला होता, तेव्हा वरचं लाकूड नेलं आणि मुळं तशीच सोडली. मुळं कुजली, त्यांच्या जागी नळ्या राहिल्या.

तुमच्या बांधावर झाडं असतील तर एवढं करा: मनगटापेक्षा बारीक झाडं-झुडपं दर दिवाळीनंतर कापून टाका, गवत मात्र ठेवा. मोठं झाड उपटायच्या भानगडीत पडू नका, मुळांसकट उपटलं तर बांधात खड्डा पडतो. कापायचंच असेल तर उन्हाळ्यात, तळं उतरलेलं असताना, इंजिनिअरच्या देखरेखीत मुळं काढून तिथे थर देऊन माती दाबून भरून घ्या. महापालिका हद्दीत असाल तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो वेळ धरून चाला.

घुशी, खेकडे, वारुळं यांची बिळंही बघा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा ते खेकड्यांनी पोखरलं अशी चर्चा राज्यभर झाली. खेकडे बिळं करतात हे खरं. पण बिळाला बांध फोडायला आयती वाट लागते, आणि ती वाट गळती पाहूनही वेळेवर दुरुस्ती न झाल्याने तयार होते. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या. ज्यांनी घरची माणसं गमावली त्यांच्यासमोर खेकड्याचं नाव घ्यायला माझी जीभ धजणार नाही.

मग पहिली गळती कशाची?

हे शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि उत्तर मनाला लागलं. जेसीबी लावून आम्ही तळ्यातला गाळ काढला होता. चांगलं काम केलं, खाचरांना गाळ मिळाला, तळं खोल झालं, असं वाटलं. चालकाने सोयीसाठी बांधाला चिकटूनच खणायला सुरुवात केली, कारण गाडी तिथेच उभी राहत होती. तो गाळ पन्नास-साठ वर्षं साठून तळ्याच्या तळावर आणि बांधाच्या पायावर चिकणमातीचं लिंपण झाला होता. आम्ही ते लिंपण खरवडून खालचा मुरूम उघडा केला. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यापासून धार वाढली होती. काकांच्या डायरीत गाळ काढल्याची तारीख सापडली तेव्हा हे जुळलं.

म्हणून गाळ काढणाऱ्यांना हात जोडून सांगते, बांधाच्या पुढच्या पायथ्यापासून निदान पंधरा मीटर पट्टा सोडा. आमच्या इंजिनिअरांनी आम्हाला एवढंच अंतर सांगितलं. चुना टाकून रेघ मारा आणि जेसीबीवाल्याला त्या रेघेच्या अलीकडे येऊ देऊ नका. उन्हाळ्यात आम्ही त्या उघड्या पट्ट्यावर चिकणमाती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दोन फुटांचा थर परत दिला. पुढच्या अंगाला पाणी अडवणं बरोबर आहे. मागच्या अंगाला अडवणं चूक. सगळा घोळ एवढ्याशा फरकाचा होता.

मागच्या अंगाला काय करायचं

पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. त्यासाठी उलटी गाळणी घालतात. आधी जुनं प्लॅस्टर, पोती, चिखल सगळं हाताने काढलं. फावड्याने खोल खणू नका, तेवढ्यात धार मोकळी सुटू शकते. मग ओलीच्या चारी बाजूंनी दोन-दोन हात जास्त धरून धुतलेल्या जाड वाळूचा वीतभर थर. त्यावर ग्रिट म्हणजे बारीक खडी, त्यावर वीस एमएम खडी, त्यावर चाळीस एमएम, आणि सगळ्यांवर वजनासाठी डबर. बारीक खाली, जाड वर. वाळू माती धरते, ग्रिट वाळू धरते, खडी ग्रिट धरते आणि पाणी सगळ्यांतून निघून जातं. खालून एक चर काढून ते पाणी बांधापासून लांब नेलं.

आमच्याकडे पहिल्या वेळी पुरवठादाराने क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, न धुता पाठवली. तिच्यातली भुकटी गाळणीत अडकली आणि ओल पुन्हा बाजूने वर आली. सगळं उचलून परत घालावं लागलं. वाळू मुठीत घेऊन बादलीतल्या पाण्यात सोडा, पाणी दुधासारखं झालं तर ती परत पाठवा.

गाळणी घातल्यावर धार बंद होत नाही. याने पुष्कळ लोक नाराज होतात, आमचे काकाही झाले. आधी बादली तीस सेकंदांत भरायची, नंतर पंचेचाळीस सेकंदांत भरू लागली, म्हणजे मिनिटाला तीसचे वीस लिटर झाले, एवढंच. पण बाटलीच्या तळाशी काही नव्हतं. काकांनी तीन वेळा बाटली हलवून पाहिली.

भर पावसाळ्यात अचानक गढूळ उकळी फुटली, म्हणजे जमिनीतून पाणी उसळू लागलं, तर गाळणी घालायला वेळ नसतो. तेव्हा वाळूची पोती उकळीच्या भोवती गोल रचा, विहिरीच्या कठड्यासारखी. मधे पाणी साठून दाब मिळतो आणि माती येणं कमी होतं. पोती उकळीवर टाकू नका. कडं उंच करत करत पाणी स्वच्छ दिसू लागलं की थांबा आणि वरून पाणी सांडायला वाट ठेवा. त्याच वेळी खालच्या लोकांना उठवा आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन करा. खात्री होईपर्यंत थांबू नका. उगाच उठवलं म्हणून चार लोक चिडतील, चिडू द्या.

पातळी उतरवायची झाली तर बांधाला खाच पाडायचा विचारही नको, ती खाच पाणीच रुंद करत जातं. सायफन लावा. चार इंची एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पाइप पाण्याने भरून बांधावरून टाकला की चालू होतो. आमच्या तळ्यात असा एक पाइप दिवसभरात जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर पातळी उतरवतो, म्हणून आम्ही तीन ठेवले आहेत, आणि ते मे महिन्यातच बांधावर जोडून ठेवतो. संकट नसेल तेव्हा दिवसाला फुटापेक्षा जास्त उतरवू नका. पाणी भराभर उतरलं तर पुढचा ओला उतार आधार सुटून घसरतो.

सांडवा, ज्याकडे कुणी बघत नाही

गळतीच्या नादात आम्ही सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी जायची वाट, विसरलो होतो. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध वाचत नाही, मग गळती असो वा नसो. आमच्या तळ्याला पन्नास एकरांवरचं, म्हणजे वीस हेक्टरांवरचं डोंगराचं पाणी येतं. तासाला शंभर मिलिमीटरचा पाऊस आणि त्यातलं ऐंशी टक्के वाहून येईल असं धरलं तर सेकंदाला जवळजवळ साडेचार घनमीटर पाणी येतं. आमचा सांडवा तीन मीटर रुंद. त्यावरून साठ सेंटिमीटर उंचीचं पाणी वाहिलं तरी सेकंदाला अडीच घनमीटरही जात नाही. उरलेलं कुठे जाणार? हे गणित मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं आणि पुन्हा पुन्हा तपासलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी आमचा बांध कसा राहिला हे मला आजही कळत नाही.

सांडवा आता सहा मीटर केला आहे. त्याच्या तोंडाला मासे अडवायला कुणीतरी जाळी लावायचं, आणि उन्हाळ्यासाठी जास्त पाणी राहावं म्हणून दोन थर पोतीही ठेवायचं. दोन्हींची मला कणव आहे, मासे आणि पाणी ही त्यांची गरज आहे. पण जाळीत पालापाचोळा अडकला की सांडवा बंदच होतो. आम्ही बसून बोललो, मासे धरायला बांधाच्या दुसऱ्या टोकाला जागा करून दिली. बांधाचा माथाही बघा. आमच्याकडे गुरांच्या पायवाटेने मधोमध तो वीतभर खचला होता. पाणी सर्वांत आधी तिथूनच गेलं असतं.

आणि आता अवघड भाग: बांध कुणाचा?

खरं सांगायचं तर गळतीपेक्षा हा प्रश्न जुना आहे आणि गळती दर वर्षी परत यायचं मूळही हेच आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली चार माणसं आता नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. मी एका कार्यालयात गेले, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथून परत पहिल्याकडे. कारण साधं आहे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन असलेले सरकारी तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याच्यावर सहाशे हेक्टरांपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे. आमचा बांध सरकारने बांधलेलाच नाही, त्यामुळे तो कुणाच्याच यादीत नाही. शिवाय ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली, त्याआधीचं आमच्या गावाचं दप्तर वेगळं.

धरण सुरक्षितता कायदा २०२१ चा आहे, पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणंही त्यात येतात, पण लांबी पाचशे मीटर, साठा दहा लाख घनमीटर अशांपैकी एखादी अट पूर्ण होत असेल तरच. सहा मीटरच्या बांधाला त्यातलं काही लागू नाही. म्हणजे तपासणीला कुणी येणार नाही. जबाबदारी मात्र जात नाही, ती पूर्णपणे मालकावर राहते.

किती राहते याचे दोन जुने निकाल आमच्या वकिलांनी समजावून सांगितले. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात ठरलं की आपल्या जमिनीवर कुणी पाणी साठवलं आणि ते सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर हलगर्जी सिद्ध झाली नाही तरी साठवणारा भरपाई देणं लागतो. पुढे १८७४ साली मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेतीनगरमचे जमीनदार हा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, आला. जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचं नुकसान झालं. तिथे निकाल वेगळा लागला. आपल्याकडे तलाव राखणं हे लोकांच्या उपयोगाचं परंपरेने आलेलं कर्तव्य आहे, म्हणून हलगर्जी दिसली तरच जमीनदार जबाबदार, आणि त्याने हलगर्जी केलेली नव्हती. हा निकाल वाचून मला आधी हायसं वाटलं आणि लगेच काळजी वाटली. दर वर्षी गळती बघून वरून प्लॅस्टर करणारे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की हलगर्जी नव्हती? म्हणून त्या वह्या आणि बाटल्या मी जपून ठेवते. आपण काय पाहिलं आणि काय केलं, याचा तोच पुरावा आहे.

कागद कोणते काढायचे ते सांगते. सातबारा आणि जुने फेरफार. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, किती आणि कोणता हे नीट बघा. वर्ग 'अ' आणि वर्ग 'ब' असे दोन असतात, आणि तळं किंवा ओढा मालकाशिवाय इतर लोकही सिंचनाला, प्यायला वापरत असतील तर ते क्षेत्र 'ब' मध्ये येतं. गावाची वाजिब-उल-अर्ज नोंदवही मागा, पाण्याच्या आणि वहिवाटीच्या चालीरीती तिच्यात लिहिलेल्या असतात. खालच्या पाड्याचं पाणी वीस वर्षांहून जास्त काळ विनाखंड, हक्काने चालू असेल तर त्यांचाही वहिवाटीचा हक्क तयार झालेला असू शकतो, तो नाकारून वाद वाढवू नका. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० वाचा: जे नदी-नाले कुणा खाजगी व्यक्तीच्या मालकीचे नाहीत ते शासनाचे. बांध आमचा, त्याच्याखालून जाणारा नाला शासनाचा, अशी गोष्ट निघू शकते, आणि आमच्याकडे तशीच निघाली.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम मोजणी केली आणि नकाशा हातात आल्यावर सगळे गप्प झाले. बांधाच्या मागच्या पायथ्याचे जवळजवळ चार मीटर शेजारच्या सर्व्हे नंबरात होते. ती जमीन काही वर्षांपूर्वी विकली गेली होती आणि नव्या मालकाने हद्दीवर कुंपणाची भिंत घातली होती. ती भिंत आमच्या पायथ्याच्या जुन्या चरीवर उभी होती. झिरपलेलं पाणी भिंतीमागे तुंबत होतं आणि उतार भिजवत होता. आम्ही ज्या जागी वर्षानुवर्षं माती चोपत होतो ती जागा कागदोपत्री आमची नव्हतीच.

शेजाऱ्यांशी भांडायला जाणार होतो. गेलो, पण वही आणि बाटल्या घेऊन गेलो. त्यांच्या साइट इंजिनिअरने तिसरी बाटली हातात घेतली आणि स्वतःहून विचारलं, "ही कधीची?" भिंतीला तळाशी वाटा ठेवायला आणि गाळणी त्यांच्या चार मीटरांवर घालायला त्यांनी लेखी संमती दिली. त्यांची पार्किंगही त्याच बांधाखाली आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. समोरचा ऐकत नसेल तर तहसील पातळीवरच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या तरतुदीखाली अर्ज करता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे. बांधाखाली राहणारेही बांधाच्या मालकाविरुद्ध तोच अर्ज करू शकतात, हे मालकांनी विसरू नये.

चौदा नावांचं काय केलं? आधी वारस नोंदी लावून घेतल्या, त्यातच सव्वा वर्ष गेलं. मग वाटणीचा विषय पूर्ण बाजूला ठेवून फक्त बांधापुरता करार केला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर तीन गोष्टी: देखभाल कोण बघणार, वर्षाला प्रत्येकाने किती द्यायचे, आणि पाऊस चालू असताना निर्णय कुणी एकट्याने घ्यायचा. तिसरी गोष्ट लिहायला लोक टाळतात. मध्यरात्री चौदा जणांची संमती घेत बसता येत नाही. आमच्या करारात तो अधिकार राखणदार दादांना आहे, जमिनीत त्यांचं नाव नसलं तरी. पुण्याच्या चुलत भावाला हे आधी पटलं नाही. एक रात्र त्याला बांधावर राहायला बोलावलं, मग पटलं.

एक काम बाकी आहे. बांधाच्या पोटातून पणजोबांच्या वेळचा सहा इंची बिडाचा पाइप जातो आणि त्याचा व्हॉल्व्ह मागच्या बाजूला आहे. म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा बांधाच्या आत अख्खा पाइप दाबाखाली भरलेला असतो. तो कुठे गंजून फुटला तर पाणी थेट मातीत घुसेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाही अर्धवट राहिलेल्या विमोचकाच्या (पाणी सोडायच्या) मोरीवरचा भराव खचत गेला होता. बांधातून आरपार जाणारी कोणतीही वस्तू ही अशी दुखरी जागा असते. तुमच्याकडे असा पाइप असेल तर व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे हे आजच बघा. आम्ही येत्या एप्रिलमध्ये, तळं सर्वांत खाली असताना, पुढचं तोंड बंद करून सगळा पाइप सिमेंट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरून कायमचा निकामी करणार आहोत आणि मागच्या तोंडाभोवती वाळूची गाळणी घालणार आहोत. पाड्याचं पाणी मग सायफनने देऊ.

आज सकाळची नोंद: पाऊस ६२ मिलिमीटर, पातळी ४.०५ मीटर, बादली ४७ सेकंद, उजवी बाजू कोरडी, बाटली स्वच्छ.